पाठीला काय आहे ते लिही

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी शहाणं माणूस सावली सोडत नाही. गड्डम मॅडम नेमक्या त्याच वेळेला डोक्यावर ओला रुमाल टाकून एखाद्या बसथांब्यावर जायच्या, रस्त्याकडं तोंड करायच्या आणि मागं जे काही असेल त्याला पाठ टेकवून उभ्या राहायच्या. भिंत असली तर भिंत, शटर असलं तर शटर. एकदा तर रसवंतीचं कुंपण होतं. बस यायची, कंडक्टर दारातून ओरडायचा, "ओ मॅडम, चढताय का न्हाय?" मॅडम म्हणायच्या, "न्हाय. जा तू. मी थांबा बघतेय." तो ड्रायव्हरकडं बघून कपाळाजवळ बोट गरगर फिरवायचा. मॅडमना ते बरोबर दिसायचं. "फिरव, फिरव," त्या म्हणायच्या. "उद्या तुझी आजी ह्या थांब्यावर चुकली की माझ्याकडंच येशील."

आम्ही दोघी शहर बससेवेच्या ऑफिसात कंत्राटावर होतो. मॅडम थांब्यांच्या माहितीच्या प्रमुख, आणि मी शमीम, त्यांची कॉम्प्युटर ऑपरेटर. प्रमुख म्हटलं की हाताखाली फौज असेल असं वाटतं. तसलं काही नव्हतं; हाताखाली मी होते आणि एक कुरकुरणारा पंखा. मोबाइलवर बसचं ॲप उघडलं की थांब्याचं नाव दिसतं आणि नावाखाली एक ओळ दिसते, थांबा नेमका कुठं आहे ते सांगणारी. ती ओळ लिहिणं आमचं काम. हे सांगितलं की आमचे पाहुणे हसतात, "एवढ्यासाठी पगार देतात?" म्हणतात. हसू देत. बसमधला स्पीकर तीच ओळ बोलतो. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा फोन तीच ओळ वाचून दाखवतो. आणि शेड बांधायची झाली तर ठेकेदार त्याच ओळीवरून जागा धरतो. ओळ चुकली की शेड चुकली, आणि एकदा लोखंड सिमेंटमध्ये बसलं की ते हलवायला कुणाचा बाप येत नाही.

मॅडम येण्याआधी या ओळी ज्यानं त्यानं आपल्या मनानं लिहिल्या होत्या. कुणा कंडक्टरनं लिहिलं होतं, "म्हैस बांधतात तिथं." एका थांब्यापुढं होतं, "नेहमीच्या जागी." आणि एका थांब्यापुढं चक्क, "सगळ्यांना माहीत आहे." मी पोट धरून हसले. मॅडम हसल्या नाहीत. "सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला गं? दुधनीहून आज पहिल्यांदा आलेल्या पोरीला माहीत आहे का? दवाखान्यात कुणाला तरी बघायला चाललीय, हातात डबा आहे, जीव थाऱ्यावर नाही. तिला सांग बघू, सगळ्यांना माहीत आहे म्हणून." मी ती ओळ खोडली. त्यांच्यापुढं हसू आवरायची सवय मला लवकरच लागली.

खरं तर माझी पहिल्याच दिवशी जिरली होती. आमच्या घराजवळचा थांबा मी मोठ्या विश्वासानं लिहिला, "पाण्याच्या टाकीजवळ." मॅडमनी विचारलं, "टाकी कुठंय?" मी म्हटलं, "पाडली की, मी शाळेत असताना." "मग थांबा कशाच्या जवळ आहे?" "टाकीच्या." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता यात माझं काय चुकलं? आमच्या गावात असंच चालतं. गिरणी बंद पडली, चिमणी उतरवली, टॉकीज पाडून तिथं मंगल कार्यालय झालं, तरी आम्ही पत्ता सांगणार गिरणीचा, चिमणीचा आणि टॉकीजचा. नसलेल्या वस्तूंच्या खुणेवर आख्खं सोलापूर बिनचूक हिंडतं. मॅडमना हेही मान्य होतं. "नाव राहू दे," त्या म्हणाल्या. "टाकी तर टाकी. लोकांनी ठेवलेलं नाव काढणारे आपण कोण? पण खालची ओळ माझी. त्यात आज जे उभं आहे तेच येणार."

मग त्यांनी नियम घातला. प्रत्येक थांब्याची ओळ एकाच पद्धतीनं आणि एकाच क्रमानं. आधी पाठीला काय आहे, मग बसचं तोंड कुणीकडं, मग पुढचा थांबा कोणता. संपलं. पाठच का, असं मी विचारलं. तर आपल्याकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे थांबे एकाच नावाचे. दवाखाना एकाच बाजूला असतो, पण नाव दोन्हीकडं दवाखान्याचंच. मग जाणारी माणसं यायच्या बाजूला उभी राहतात आणि उलट्या बसमध्ये बसून शहराच्या भलत्याच टोकाला उतरतात. "मोठं काय दिसतं ते सगळेच सांगतात," मॅडम म्हणायच्या. "मोठं लांबूनही दिसतं, चारी बाजूंनी दिसतं. पाठ मात्र एकाच जागी टेकते. पाठीला काय आहे ते लिही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की घरी बहिणीनं चावी कुठंय विचारलं तरी माझ्या तोंडात तेच येतं.

सगळ्यांना एकच नियम म्हटलं की लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. एका सराफानं थांब्याच्या ओळीत आपल्या दुकानाचं नाव यावं म्हणून पेढ्यांचा खोका पाठवला. थांब्याच्या पाठीला त्याचं दुकान नव्हतंच. होती सार्वजनिक मुतारी. मॅडमनी पेढे डेपोतल्या ड्रायव्हरांना वाटले, रिकामा खोका परत पाठवला आणि ओळ लिहिली, "सार्वजनिक मुतारीची भिंत." आमचे अधिकारी, त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, ते धावतच आले. "अहो मॅडम, स्पीकर भर बसमध्ये मुतारी म्हणणार? शहराची काही शोभा?" मॅडम म्हणाल्या, "शोभा पाहिजे तर मुतारी धुवायला लावा. ओळ बदलणार नाही. फार तर 'स्वच्छ' हा शब्द वाढवीन." दुसऱ्या दिवशी मुतारी खरंच धुतली गेली. मॅडमनी शब्द काही वाढवला नाही. "एकदा धुतली की स्वच्छ होत नसते," म्हणाल्या.

त्या गोड नव्हत्या, हे सांगितलंच पाहिजे. गेलेल्या माणसाला उगाच साखर लावलेली त्यांना आवडली नसती. चूक कबूल करणं तर त्यांच्या रक्तातच नव्हतं. एकदा एका अंध गृहस्थांचा फोन आला, "तुम्ही पाठीला पत्र्याचं शटर लिहिलंय, माझ्या हाताला लाकूड लागतंय." मॅडम भर उन्हात रिक्षा करून गेल्या. दुकानदारानं शटर काढून लाकडी दार बसवलं होतं. परत आल्या, ओळ सुधारली आणि मला म्हणाल्या, "त्या शटरनं मला फसवलं." बस्स, एवढीच कबुली. माझा पाणउतारा त्यांनी ड्रायव्हरांदेखत केलाय आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडलेय. पण डबा उघडला की कडक भाकरी मोडून अर्धी आधी माझ्यापुढं यायची, वर शेंगाचटणी, आणि "खा, रडायला ताकद लागते" हेही ऐकवायच्या. माझ्या रोज्यांच्या महिन्यात त्या जिन्याखाली जाऊन जेवायच्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही गं. तुझं सुकलेलं तोंड बघून मला घास उतरत नाही."

त्या पूर्व भागातल्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि भांडायला दोन्ही. वडील यंत्रमागावर होते, ते लवकर गेले. अम्मानं, म्हणजे त्यांच्या आईनं, बिड्या वळून त्यांना शिकवलं. लग्न केलं नाही. "बघायला आले होते," त्या सांगायच्या. "मीच त्यांना उलटे प्रश्न विचारले. परत आले नाहीत." लहानपणी त्या अम्माबरोबर बिड्यांची टोपली घेऊन बसनं कारखान्यात जायच्या. कारखाना म्हणजे घरी वळलेल्या बिड्या जिथं नेऊन द्यायच्या आणि दुसऱ्या दिवसाची पानं-तंबाखू घेऊन यायची ती जागा. तिथली खिडकी ठरल्या वेळेला बंद होते. बस चुकली की खिडकी चुकली; मग केलेलं काम टोपलीत तसंच परत, आणि उद्यासाठी पानं नाहीत. अम्मा अशी परत आली की घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. मॅडमना बसथांब्यांचं एवढं वेड का, ते मला हे ऐकल्यावर कळलं.

आणि त्यांची खरी लढाई अशाच बायकांवरून झाली. शहराच्या कडेला बिडी कामगारांची एक वसाहत आहे. तिची लांब भिंत रस्त्याला लागून, भिंतीत मध्ये एक बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी थांबा. सकाळी टोपल्या घेऊन बायका तिथं उभ्या असतात, वर सावलीला झाडाचं एक पान नाही. तिथून चढ चढून गेलं की पुढं एक मोठं गृहसंकुल झालंय. त्याचं नाव लिहीत नाही. फुकटची जाहिरात मी कशाला करू? तर वसाहतीच्या थांब्याला शेड मंजूर झाली. बायकांना कळलं तशा त्या ऑफिसात आल्या आणि मॅडमच्या हातात गजरा ठेवला. "अक्का, सावली येणार म्हणं." मॅडमनी गजरा माझ्या केसांत खोचला आणि त्यांना म्हणाल्या, "मला सावली आल्यावर द्या."

आठवडा झाला नसेल, साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. आत संकुलाचा माणूस बसलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, पुढ्यात सरबत. साहेब म्हणाले, "मॅडम, त्या थांब्याची ओळ जरा बदलायचीय. संकुलाचं मुख्य प्रवेशद्वार, एवढंच लिहा."

"प्रवेशद्वार पाठीला नाही, साहेब. पाठीला वसाहतीची भिंत आहे."

"अहो, थांबा जरासा पुढं सरकतोय. शेड गेटापाशी येईल, दिसायला बरी दिसेल."

"कुणाला बरी दिसेल?"

संकुलाचा माणूस हसून म्हणाला, "मॅडम, त्या लेडीजना चालायची सवय असते हो."

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली मला दिसली. आवाज मात्र चढला नाही. "भरलेली टोपली तुमच्या डोक्यावर ठेवते," त्या म्हणाल्या. "दुपारच्या उन्हात तो चढ चढून दाखवा, आणि बस यायच्या आत पोचा. पोचलात तर मी माझ्या हातानं ओळ बदलते. चला, उठा."

तो सरबत प्यायला लागला. साहेबांनी टेबलावरचे कागद उगाच सरळ केले आणि म्हणाले, "मॅडम, मार्चला तुमचं कंत्राट संपतं. लक्षात आहे ना?"

"आहे की. तोवर ओळ माझी आहे. भिंत म्हणजे भिंत."

बाहेर आल्यावर मी त्यांच्या मागं धावले. मी म्हटलं, "मॅडम, अम्मांचं औषधपाणी तुमच्यावर आहे. एक ओळ तर आहे, जाऊ द्या ना." त्या जिन्यात थांबल्या. "एक ओळच आहे, शमीम. पण तेवढीच माझ्या हातात आहे. तीही सोडली तर मी तिथं बसून करते काय?" त्यांना उत्तर नकोच होतं, त्या जिना उतरून गेल्यासुद्धा.

मार्च आला. कंत्राट वाढलं नाही. ऑफिसनं शाल-नारळ आणला होता. मॅडमनी शाल साहेबांच्याच खांद्यावर टाकली, "एसीत बसता, तुम्हाला लागेल." नारळ तेवढा घेतला, "चटणीला होईल." त्याच संध्याकाळी साहेबांनी स्वतःच्या पासवर्डनं ओळ बदलली. मला विचारलंही नाही. ठेकेदारानं ओळ बघितली आणि ऊन कडक व्हायच्या आत संकुलाच्या गेटापाशी चकचकीत शेड उभी केली. ड्रायव्हरांना हुकूम गेला, बस शेडपाशीच थांबवायची, भिंतीपाशी नाही. घरचं उरकून निघालेल्या बायका टोपल्या घेऊन चढ चढेपर्यंत बस निघून जायची. कारखान्याची खिडकी चुकायला लागली, भरलेल्या टोपल्या परत यायला लागल्या.

मी तडक मॅडमच्या घरी गेले. त्या अम्माच्या पायाला तेल चोळत होत्या. मी साहेबांना, ठेकेदाराला, संकुलाला, सगळ्यांना एकेक शिवी हासडून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. ऑफिसात नाही, भिंतीपाशी."

सकाळी मी पोचले तेव्हा मॅडम बायकांशी तेलुगूत तावातावानं बोलत होत्या. मग एकेकीनं आपली टोपली डोक्यावरून उतरवली आणि रस्त्यावर, डांबरावर, एका रांगेत मांडली. त्या टोपलीत काय असतं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. घरातल्या सगळ्या बायकांनी मान मोडून वळलेलं काम असतं. ते त्यांनी येणाऱ्या बसच्या पुढ्यात ठेवलं. बस हॉर्न बडवत आली आणि टोपल्यांच्या अगदी जवळ येऊन करकचून थांबली. ड्रायव्हर होता वळसंगचा हणमंता. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "अवो अक्का, बाजूला घ्या की! हितं थांबलो तर माजी नोकरी जाईल!"

मॅडम बसच्या नाकासमोर उभ्या होत्या. "माझी गेलीय, हणमंता," त्या म्हणाल्या. "काही होत नाही. दार उघड."

दार उघडलं. बायका टोपल्या उचलून चढल्या. आतली माणसं कुरकुरायला लागली, "आमाला उशीर होतोय." एक म्हातारी बिडीवाली त्यांच्याकडं वळून म्हणाली, "आमाला रोजच होतोय की, बाबा." त्या दिवशी सगळ्यांना खिडकी उघडी मिळाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपल्या रस्त्यावर, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुढं पुढं मांडायची गरजच उरली नाही. हणमंता लांबूनच ब्रेक दाबायला लागला आणि त्याचं बघून बाकीचेही. साहेबांनी कारवाईची धमकी दिली, पण करणार कुणाकुणावर? ड्रायव्हर आधीच कमी. मी हुरळून मॅडमना म्हटलं, "जिंकलो की हो!" त्या भडकल्याच. "काय जिंकलो? बस थांबते ती हणमंताच्या चांगुलपणावर. ओळ अजून गेटाचीच आहे ना? उद्या नवा ड्रायव्हर येईल, स्पीकर बोलेल ते ऐकेल आणि पुढं निघून जाईल. त्या बायकांनी जन्मभर काय कुणाच्या मेहेरबानीवर बस धरायची?"

पावसाळा सरता सरता मॅडमना ताप आला. अंगावर काढला. दवाखान्यात जायचं म्हटलं की भांडायच्या, आणि भांडणात त्यांना हरवणारं घरात कोण होतं? नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी भेटायला गेले तर बोलायचं बळ नव्हतं, तरी पहिला शब्द काढला तो, "ओळ?" मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं. तीच आमची शेवटची भेट. मला अजूनही त्याचा राग येतो. जाणाऱ्या माणसानं दोन गोड शब्द बोलून जाऊ नये? मी काय परकी होते? त्या गेल्या त्या रात्री मी इतकी रडले की घरातले घाबरले. दुसऱ्या दिवशी वसाहतीतल्या बायका त्यांना पोचवायला आल्या. खिडकी चुकेल म्हणून कधी घरचं दुखणं न बघणाऱ्या त्या बायका, त्या दिवशी एकही कारखान्यात गेली नाही.

सोमवारी मी ऑफिसात गेले, कॉम्प्युटर सुरू केला, तो थांबा उघडला आणि ओळ लिहिली. पाठीला बिडी कामगार वसाहतीची भिंत, बसचं तोंड शहराकडं, मग पुढचा थांबा. सगळं त्यांच्या क्रमानं. कुणाला विचारलं नाही. दुपारी साहेबांचं बोलावणं आलं.

"ओळ कुणी बदलली?"

"मी."

"कुणाच्या परवानगीनं?"

"कुणाच्याच नाही. तिथं भिंत आहे म्हणून."

"मी परत बदलू शकतो, शमीम. आत्ता, इथं बसून."

"बदला की, साहेब. तुम्ही संध्याकाळी बदला, मी सकाळी बदलते. बघू कोण आधी दमतं."

त्यांनी बदलली. मी सकाळी परत बदलली. बरेच दिवस हे असं चाललं. मग एका संध्याकाळी ते विसरले, की दमले, की लाजले, अल्ला जाणे. ओळ तशीच राहिली. गेटापाशीच्या शेडमध्ये आता संकुलातल्या लोकांच्या स्कूटर लावलेल्या असतात. ती शेड हलवायची की भिंतीपाशी नवी बांधायची, त्याची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरतेय, आणि जो कुणी ठेकेदार येईल तो आमचीच ओळ बघून जागा धरणार. म्हणून रोज ऑफिसात आल्यावर मी चहाच्या आधी तो थांबा उघडून बघते. माझंही कंत्राट मार्चला संपतंय. संपू दे. आज सकाळी बघितलं. भिंतच आहे.